कायदा की जीआर? शाळेतल्या भाषेचे दोन रस्ते

शाळेत कोणती भाषा शिकवायची, हे महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत दोन तऱ्हांनी ठरलं.

पहिली तऱ्हा विधिमंडळाची. फेब्रुवारी 2020 मध्ये मराठी सक्तीचा कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाला. सीबीएसई, आयसीएसई अशा सगळ्याच मंडळांच्या शाळा त्यात आल्या, सुरुवात पहिली आणि सहावीपासून, आणि नियम मोडल्यास 1 लाखापर्यंत दंड.

दुसरी तऱ्हा शासन निर्णयाची, म्हणजे आपल्या लाडक्या जीआरची. 16 एप्रिल 2025 च्या जीआरने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी अनिवार्य केली. ओरड झाल्यावर 17 जूनला नवा जीआर आला. 'अनिवार्य' जाऊन 'सर्वसाधारणपणे' आलं, पण हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी तर इयत्तेत किमान 20 मुलं हवीत! लहान गावातल्या शाळेत पटच मुळात तेवढा नसतो, तिथे हा पर्याय कागदावरचाच. 29 जूनला, पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, दोन्ही जीआर मागे घेतले गेले आणि त्रिभाषा धोरणावर अर्थतज्ज्ञ नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली.

जीआर झटपट निघतो, झटपट मागेही जातो. मधल्या काळात वेळापत्रक मात्र शिक्षकांनी जुळवायचं. म्हणून मला कायदाच बरा वाटतो. पण तोही अभेद्य नाही. 2023 मध्ये राज्य मंडळाबाहेरच्या शाळांना ठरावीक काळापुरती मराठीत गुणांऐवजी श्रेणी देण्याची सवलत मिळाली, तीसुद्धा जीआरनेच.