एक्स५२एम पाइप, नऊ महिन्यांनंतर: शेपटातलं अक्षर वाचा

तळोज्याच्या शेडसाठी पावसाळ्याआधी ६ इंची, एपीआय ५एल (लाइन पाइपचं स्टँडर्ड) एक्स५२एम ग्रेडचा, पीएसएल२ (कडक चाचण्यांची पातळी) पाइप घेतला. ग्रेडच्या शेवटी ‘एम’ऐवजी ‘एन’ असलेल्या पाइपपेक्षा स्वस्त पडला, बाकी विचार केला नाही. पहिले सहा महिने पाचपैकी पाच. टीसीवर, म्हणजे मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटवर, कार्बन फक्त ०.०८ टक्के. त्यामुळे वेल्डर खूश, वेल्डिंगआधी पाइप तापवायचा (प्रीहीट) गॅसही वाचला.

दिवाळीनंतर एका स्पूलचा (जोडून तयार केलेल्या पाइपच्या तुकड्याचा) फ्लँज ३ मिलिमीटर तिरका आला. फिटरने नेहमीसारखा टॉर्च लावून पाइप लालबुंद केला आणि ओढून बसवला. मी शेजारीच चहा पीत उभा. क्लायंटच्या इन्स्पेक्टरला प्रायमरखालून डोकावणारा काळपट पट्टा दिसला. त्याने हार्डनेस घेतला: बाजूला १७० विकर्स, पट्ट्यात १४०, म्हणजे तिथे पाइप मऊ पडलेला. स्पूल कापला. पुन्हा वेल्डिंग, पुन्हा वेल्डची रेडिओग्राफी (एक्स-रे). वाचवलेले पैसे व्याजासकट गेले.

आधी स्टॉकिस्टला फोनवर वाट्टेल ते बोललो. मग टीसी उघडली. डिलिव्हरी कंडिशन (पाइप मिलमधून कोणत्या प्रक्रियेने आला ते): एम. अगदी वर, ठळक. परत फोन करून माफी मागावी लागली, तो भाग राहू दे.

एमची ताकद मिलमध्येच, ठरावीक तापमानाला रोल करताना पट्टीत येते; दाणा बारीक राहतो. ५८० अंशांच्या वर तापवलं की ती उतरू लागते आणि शेडमध्ये परत आणता येत नाही. वेल्डच्या कडेचा पट्टा अरुंद, पटकन गार होतो, म्हणून तिथे निभावतं. टॉर्चचा पट्टा वीतभर. एन मात्र ९०० अंशांच्या आसपास नेऊन हवेत गार केलेला. बिघडला तर भट्टीत पुन्हा नॉर्मलाइज करता येतो. शेवटी क्यू असेल, म्हणजे झटकन गार करून मग पुन्हा तापवलेला (टेम्पर केलेला) पाइप, तर टेम्परिंगच्या तापमानाखाली राहायचं.

माझा खरा राग स्टेन्सिलवर, म्हणजे पाइपवर छापलेल्या ग्रेडच्या नावावर. पाइप कापला की छपाई एका तुकड्यावर राहते, बाकीचे अनाथ. उरलीसुरली ब्लास्टिंगमध्ये (रंगाआधी वाळू-ग्रिट मारून साफ करताना) उडते. एवढं महत्त्वाचं अक्षर, आणि तेच शेपटाला! आता कापायच्या आधी पोरगा पेंट मार्करने प्रत्येक तुकड्यावर ‘एम’ लिहितो, हातभर मोठा. फिटरच्या खिशात ठरावीक तापमानाला वितळणारा टेम्परेचरचा खडू असतो.

तरी सरळ लाइनसाठी हाच पाइप परत मागवलाय. गरम करून वाकवायच्या तुकड्यांसाठी एन घेणार. स्टॉकिस्ट भाव सोडत नाहीये. मागच्या फोनचा राग असावा.