‘भरून पावलो’ लिहून दिले आणि १३,६०,००० रुपये गेले

यावल तालुक्यातील माझे ठिबक संच आणि मोटारपंपांचे २२ वर्षांचे दुकान मी गेल्या वर्षी चालू स्थितीत विकले. सौदा १८,६०,००० रुपयांचा ठरला. त्यात माल ११,२०,००० रुपयांचा, तर फर्निचर आणि नावलौकिक मिळून ७,४०,००० रुपये. पैकी ५,००,००० रुपये बँकेतून आले आणि उरलेल्या रकमेपोटी प्रत्येकी ३,४०,००० रुपयांचे, पुढच्या तारखांचे चार धनादेश मिळाले. चारही वटले नाहीत.

करारनाम्याचा मसुदा खरेदीदारच करून घेऊन आला होता. मसुदा आपल्या वकिलाकडूनच करून घ्या. माझे वाचलेले ४,००० रुपये मला किती महागात पडले ते वर लिहिलेच आहे. नोटरीच्या टेबलावर तिसऱ्या पानावरचे वाक्य मी स्वतः वाचले: ‘ठरलेला संपूर्ण मोबदला लिहून देणार भरून पावले असून त्याबाबत त्यांची कोणतीही तक्रार राहिलेली नाही.’ ‘लिहून देणार’ म्हणजे मी, विकणारा. धनादेशांचा, त्यांच्या क्रमांकांचा कुठेही उल्लेख नव्हता. मी त्या ओळीवर बोट ठेवले. ‘आप्पा, तो मजकूर सगळ्याच कागदांत असतो, धनादेश तर तुमच्याच खिशात आहेत,’ असे तो म्हणाला, आणि मी बोट उचलून पेन हातात घेतले. मला भोळा म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की केळीचे पैसे आल्यावर शेतकरी उधारी घरी आणून देतो, हा व्यवहार मी आयुष्यभर पाहिला आहे. शिवाय त्या महिन्यात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख डोक्यावर होती.

पोलीस ठाण्यात मी पाच वेळा गेलो. तीनदा ‘साहेब बंदोबस्ताला आहेत’, एकदा ‘हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा’, आणि पाचव्यांदा माझाच करारनामा माझ्यापुढे सरकवून ‘पैसे मिळाले असे तुम्हीच लिहून दिले आहे ना?’ असे हसत विचारले गेले. जळगावला वरच्या कार्यालयात दिलेला अर्ज फिरून त्याच ठाण्यात, त्याच हवालदाराच्या टेबलावर आला.

धनादेश परत आल्याचे बँकेचे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. ती मी वेळेत दिली. धनादेश जुन्या व्यवहारांपोटी केवळ तारण म्हणून दिले होते, असे उत्तर आले. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३९ चे गृहीतक, म्हणजे धनादेश देणे फेडण्यासाठीच दिला असे धरून चालणे, माझ्या बाजूने आहे, असे वकील सांगतात, पण कोर्टात प्रत्येक तारखेला समोरून तिसरे पानच वाचले जाते.

दुसरा मूर्खपणा लिहायला लाज वाटते. ‘माझा जीएसटी नंबर येईपर्यंत’ म्हणून खरेदीदाराने मागितला आणि माझ्या जीएसटी पोर्टलचा पासवर्ड मी त्याला दिला. त्याने माझ्याच नावाने बिले फाडली, कर भरला नाही, आणि १,१८,४०० रुपयांची नोटीस माझ्या घरी आली. कार्यालयातील उत्तर एकच होते: ‘पोर्टलवर तुमचेच नाव आहे.’ विक्रीच्या तारखेलाच नोंदणी रद्द करण्याचा अर्ज टाका, आणि शेवटचा रुपया खात्यात दिसल्याशिवाय ‘भरून पावलो’ लिहू नका. माझी पुढची तारीख सोमवारी आहे.