पायव्हिडिओ: न्यूजलेटरसाठी टॉक्स निवडत असाल तर वापरून बघाच

ऑफिसात आमच्या टीमसाठी मी दर आठवड्याला टॉक्सचं न्यूजलेटर काढते, कॉन्फरन्समधली चार-पाच भाषणं आणि प्रत्येकाखाली दोन-तीन ओळी की हे कुणी बघावं आणि का. त्या कामासाठी मी सगळ्यात जास्त वापरते ती साइट म्हणजे पायव्हिडिओ डॉट ऑर्ग.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेवरच्या जगभरच्या कॉन्फरन्सच्या व्हिडिओंची ही सूची आहे. व्हिडिओ यूट्यूबवर वगैरे जिथे असतील तिथेच राहतात, इथे फक्त नोंद असते, टॉकचं नाव, वक्ता, कॉन्फरन्स, कधी रेकॉर्ड झालं, थोडं वर्णन. एवढंच ना, असं वाटत असेल तर हेच काम यूट्यूबवर करून बघा. अमेरिकेतल्या पायकॉनचं, म्हणजे पायथॉनवाल्यांच्या वार्षिक कॉन्फरन्सचं, कित्येक वर्षं दर वर्षी नवं चॅनल असायचं, २०१५ चं वेगळं, २०१६ चं वेगळं, २०१७ चं वेगळं, म्हणजे एक चॅनल सबस्क्राइब केलं की झालं असं नाहीच, आणि वर सर्चमध्ये ज्याला व्ह्यूज जास्त तेच सारखं पुढे येतं.

पायव्हिडिओवर वक्त्याच्या नावावर क्लिक केलं की त्याची वेगवेगळ्या वर्षांतली, वेगवेगळ्या शहरांतली भाषणं एका पानावर मिळतात. पायथॉन घडवणाऱ्या डेव्हलपरांपैकी एक, रेमंड हेटिंगर, यांचं पान उघडून बघा. २०१३ च्या सांता क्लारा पायकॉनमधलं 'ट्रान्सफॉर्मिंग कोड इंटू ब्युटिफुल, इडिओमॅटिक पायथॉन' आणि २०१५ मध्ये माँट्रियलला दिलेलं 'बियाँड पेप एट' (पेप एट म्हणजे पायथॉन कोड कसा मांडावा याची नियमावली), ही दोन लागोपाठ बघाच. दुसऱ्यात ते जावा या दुसऱ्या भाषेच्या वळणाचा कोड घेतात, आधी स्पेस, ओळींची लांबी सगळं नियमात बसवून देतात आणि मग दाखवतात की एवढं करूनही मूळ दुखणं तसंच आहे, ते जातं मधे एक छोटा अडॅप्टर, म्हणजे जुन्या कोडला सोपं रूप देणारा जोडकोड, लिहिल्यावर. कोड रिव्ह्यूत, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, फक्त स्पेसवरून वाद घालणाऱ्या प्रत्येक टीमने हे बघायला पाहिजे, मनापासून सांगते.

आणि तारीख! यूट्यूबवर ठळक दिसते ती अपलोडची तारीख, इथे रेकॉर्डिंगची असते, आणि निवडणाऱ्याला हीच लागते. ते २०१३ चं भाषण पायथॉन २ च्या काळातलं, त्यात एक्सरेंज, आयझिप, इटरआयटम्स अशी तेव्हाची फंक्शन्स वापरलीत. आज नवीन मुलाने तसंच टाइप केलं तर पायथॉन ३ मध्ये एरर येणार, म्हणून मी खाली लिहून टाकते की आता साधं रेंज, झिप आणि आयटम्स वापरा, विचार मात्र अजून शंभर टक्के लागू आहे. ही एक ओळ लिहिली नाही तर नुसती लिंक देऊन काय उपयोग.

सगळा डेटा गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, जेसन नावाच्या साध्या मजकूर फाइल्समध्ये आहे, कॉन्फरन्सप्रमाणे फोल्डर लावलेले. क्लोन करा म्हणजे सगळं आपल्या कॉम्प्युटरवर उतरवा, छोटी स्क्रिप्ट लिहा आणि वर्ष, वक्ता, भाषा हवं तसं गाळून घ्या. पैसे नाहीत, लॉगिन नाही.

उणिवा आहेत. लोक स्वतःच्या वेळात नोंदी भरतात, त्यामुळे एखादी कॉन्फरन्स कुणी घातलीच नसेल तर ती नाही. टॅग्ज एकसारखे नाहीत, टॅगवरून टेस्टिंगचं सगळं मिळेल असं धरून चालू नका. मूळ व्हिडिओ काढून टाकला गेला तर इथे नोंद उरते पण बघता येत नाही, म्हणून पाठवायच्या आदल्या दिवशी प्रत्येक लिंक चालवून बघायची. आणि अर्थात फक्त पायथॉन, क्लोजर ही भाषा बनवणारे रिच हिकी यांचं २०११ च्या स्ट्रेंज लूप कॉन्फरन्समधलं 'सिंपल मेड ईझी' हवं असेल तर दुसरीकडे जावं लागेल.

भाषण पूर्ण बघायचं काम मात्र कुठलीच साइट करून देणार नाही, वर्णन वाचून निवडलेलं टॉक आणि शेवटच्या प्रश्नोत्तरांपर्यंत बघून निवडलेलं टॉक यातला फरक वाचणाऱ्याला बरोबर कळतो. आपल्याकडे २०११ ची पायकॉन इंडिया पुण्यात झाली होती, हेटिंगरच कीनोटला होते. आपल्या इथल्या एखाद्या कॉन्फरन्सची नोंद दिसली नाही तर जेसन फाइल बनवून पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामील करून घ्यायची विनंती, टाका, ते घेतात.