शरदात होडीतून पक्षी बघायचे तर भिगवण की चोडण?

दसरा-दिवाळीच्या मधे दोन दिवस मोकळे असले आणि वल्ह्याच्या होडीत गुपचूप बसून पक्षी बघायची हौस असली, की पुणेकराच्या तोंडी पहिलं नाव भिगवणचं येतं. माझ्याही यायचं. आता ऑक्टोबर म्हटलं की मी गोव्यातलं चोडण सुचवतो. भिगवण वाईट आहे म्हणून नव्हे, ते तेव्हा तयार नसतं म्हणून.

भिगवणला लोक जातात ते रोहितसाठी, म्हणजे फ्लेमिंगोसाठी. हा पक्षी चोच उलटी बुडवून उथळ पाण्यातला चिखल गाळून खातो. पावसाळ्यानंतर भिगवणजवळचा उजनी धरणाचा जलाशय तुडुंब असतो, मग चिखल उघडा पडणार कुठून? पाणी उतरत जातं तशी रोहितांची गर्दी वाढते. जानेवारी ते मार्च हे त्याचे खरे दिवस. पट्टकदंबही थंडी पडल्यावरच भेटतात. ऑक्टोबरात राखी बगळे, चित्रबलाक, नदी सुरय आणि पाण्यावर एका जागी फडफडत राहून सूर मारणारा कवड्या खंड्या दिसतो. नशीब असेल तर मासा पायात धरून चाललेला मीनघारही. हे काही थोडं नाही, पण पाणी विस्तीर्ण, पक्षी विखुरलेले, त्यामुळे दुर्बीण हवीच.

चोडण अगदी उलटं. मांडवीतल्या या बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ पासूनचं. क्षेत्र पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नखाएवढं. पण खारफुटीतल्या अरुंद फाट्यांत होडी शिरली की सगळं हाताच्या अंतरावर येतं. चिखलातून वर आलेल्या श्वासमुळांमधून उड्या मारणारे निवटे मासे, एकच मोठी नांगी हलवणारे खेकडे, आणि खंड्यांचे इतके प्रकार की आपली पाठ केलेली नावं अपुरी पडतात. पाणमांजरंही या बेटावर आहेत. ती दिसतीलच असं नाही, पण चिखलावरचे ताजे ठसे बघूनही माझी सकाळ सार्थकी लागली होती. जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, तेव्हा पाण्यात हात बुडवून बसायचं नाही.

चोडणची अडचण एकच, भरती. पहिल्या खेपेला मी घड्याळ बघून गेलो, पंचांग बघितलं नाही. ओहोटी लागली, होडी गाळात रुतली आणि दीड तास डास मोजत बसलो. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती पुरी होते. दशमीला साडेसात. म्हणजे शुद्ध किंवा वद्य नवमी-दशमीच्या सकाळी, वारा उठण्याआधी, पाणी आणि पक्षी दोन्ही हाताशी येतात. गोम एवढीच, की हे भांगाचे दिवस, पाणी उधाणाइतकं चढत नाही. कोणत्या फाट्यात कुठवर जाता येईल ते नावाड्यालाच विचारा, आणि दिवसाची नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पडताळून घ्या.

जाण्यायेण्यात भिगवण सरळ जिंकतं. पुण्यापासून शंभरेक किलोमीटर; पहाटे निघा, कुंभारगाव किंवा डिकसळला होडी घ्या, दुपारी तळलेली चिलापी खाऊन परत. पुन्हा त्याच फेरीत कडबनवाडीच्या माळावर चिंकारा बघता येतो. चोडणला रात्रभराचा प्रवास, मुक्काम, मग रायबंदरहून फेरीबोट. लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर मी निमूट भिगवणला जाईन. उघड्या पाण्यात मुलांना दाखवणंही सोपं जातं, खारफुटीत मात्र गप्प बसावं लागतं.

दोन्हीकडे इंजिनाची होडी नको म्हणून आधीच सांगा. आणि थवा उडवून दाखवू का, असं कुणी विचारलं तर नाही म्हणा. फोटो छान येतो, पण दूरवरून आलेल्या पक्ष्याचं खाणं तेवढ्यासाठी मोडतं. होडी थेट रोखून न नेता तिरकी नेली, मधेमधे वल्हं थांबवलं, की बगळासुद्धा मान वळवून पुन्हा पाण्याकडे बघायला लागतो.

एकटे किंवा दोघंच असाल, दिवाळीच्या पर्यटकांआधी सुट्टी मिळत असेल, तर चोडण. नाहीतर भिगवणचा बेत जानेवारीवर ढकला.