ऑफिसच्या जिममध्ये काही महिने: ओळखी नेमक्या कुठे होतात

आमच्या ऑफिसच्या इमारतीतच जिम सुरू झाली आणि तेव्हापासून मी नियमित जाते आहे. मशीन चांगली आहेत, हवा खेळती आहे, लॉकर कमी पडतात. साधनांबद्दल एवढं पुरे. मला लिहायचंय ते तिथे जुळलेल्या माणसांबद्दल.

ऑफिसात आपण दुसऱ्या विभागातल्या माणसाशी बोलतो ते काही अडलं की. बिल थकलं की अकाउंट्स, लॅपटॉप बंद पडला की आयटी. त्यामुळे प्रत्येक ओळखीची सुरुवातच कटकटीने होते. जिममध्ये तीच माणसं रोज त्याच वेळेला दिसतात आणि कुणालाच कुणाकडून काही करून घ्यायचं नसतं. एखादी गोष्ट नुसती वारंवार नजरेस पडली तरी ती आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी 1968 साली प्रयोगांतून दाखवलं होतं. एकाच बॅचला येणाऱ्यांचं तसंच होतं. आधी मान डोलावणं, मग नाव, मग गप्पा.

पण जिममध्ये सगळीकडे हे घडत नाही. ट्रेडमिलवर प्रत्येकाच्या कानात इअरफोन, समोर स्क्रीन. तिथे वर्षभर शेजारी धावलं तरी नाव कळणार नाही. ओळखी होतात त्या वजनांच्या कोपऱ्यात. आमच्याकडे स्क्वॉट रॅक, म्हणजे खांद्यावर बार घेऊन उठाबशा काढायचा लोखंडी सांगाडा, एकच आहे आणि माझ्या मते जिमची सर्वांत चांगली गोष्ट तीच. ‘मध्ये एक सेट मारू का?’ असं विचारल्याशिवाय गत्यंतर नसतं. जड सेटनंतर, म्हणजे सलग काही वेळा वजन उचलल्यावर, दोन-तीन मिनिटं थांबावंच लागतं. तेवढ्या वेळात एकाच्या वीसच्या प्लेटा काढायच्या, दुसऱ्याच्या दहाच्या लावायच्या आणि बोलायचं.

बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर आडवं पडून बार वर ढकलणाऱ्याला, स्पॉट देणं (मदतीला उभं राहणं) तर त्याहून पुढचं. बार छातीवर अडकला तर उचलायला कुणीतरी डोक्यापाशी उभं हवं, म्हणजे विश्वास ठेवावाच लागतो. लीगलच्या ज्या मॅडमना मी आजवर फक्त ‘डिअर मॅडम’ने सुरू होणारे मेल पाठवत होते, त्या आता माझ्या मागे उभ्या राहून ‘अजून एक, ढकल!’ म्हणतात. मध्यंतरी एका करारातली अट कळेना, तेव्हा सरळ त्यांच्या टेबलाशी जाऊन विचारलं. मेलवर चार दिवस चाललं असतं ते उभ्याउभ्या संपलं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 च्या त्यांच्या गाजलेल्या लेखात म्हटलं होतं की नवी माहिती जिवलग मित्रांपेक्षा अशा सैल ओळखींतून जास्त येते, कारण जिवलगांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. मला ते रोज पटतं.

ट्रेनर घेतात तो ग्रुप क्लासही छान. सगळे एका तालात हलू लागले की थकवा कमी जाणवतो. ऑक्सफर्डच्या रोइंगपटूंवर एक छोटा अभ्यास झाला होता. तेवढाच व्यायाम एकट्याने करण्यापेक्षा संघाने एका लयीत केल्यावर त्यांची वेदना सोसण्याची क्षमता जास्त वाढलेली आढळली. क्लासनंतर आम्ही जे हसत-खिदळत जिना चढतो, त्याचं मूळ बहुतेक यातच असावं.

आता जे खटकतं ते. येणारे बहुतेक आधीपासूनच व्यायाम करणारे आहेत. इलिनॉय विद्यापीठाने आपल्या जवळपास 5,000 कर्मचाऱ्यांवर केलेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही आरोग्य-कार्यक्रमात भाग घेणाऱ्यांचा वैद्यकीय खर्च मुळातच कमी होता. म्हणजे ज्यांना आधाराची गरज आहे ते दाराबाहेरच राहतात. नवख्यांसाठी वेगळी बॅच सुरू झाल्यावर आमच्याकडे थोडा फरक पडला, विशेषतः बायकांमध्ये. संध्याकाळी वजनांच्या कोपऱ्यात पुरुषांचाच घोळका असायचा, तिथे एकटीने शिरायला त्यांना नको वाटायचं.

एक वरिष्ठ सेटच्या मध्ये प्रोजेक्टची चौकशी करायचे. ट्रेनरनी शांतपणे ‘सर, इथे कामाचं नको’ म्हटल्यापासून ते थांबलंय, आणि तेच सर आता ज्युनिअर पोरांकडून डेडलिफ्ट शिकतात.

सर्वांत मोठी तक्रार मात्र कायम आहे. सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचारी कंत्राटी असल्याने त्यांच्या कार्डाने जिमचं दार उघडत नाही. जिम रोज लख्ख ठेवणाऱ्या मावशींना तिथे सायकल चालवता येऊ नये, हे मला अजिबात पटत नाही. आम्ही बॅचमधल्या सगळ्यांनी सह्या करून एचआरला अर्ज दिलाय आणि त्यावर पहिली सही लीगलच्या मॅडमची आहे.