लिहिणाऱ्यांसाठी व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट: दोन वर्षं वापरून झाल्यावर

मी नाशिकची, इंदिरानगरला राहते, छोटे ललित लेख लिहिते, महिन्याला एक नाहीतर दोन. फेसबुक, ग्रुप, चॅनल, स्टेटस सगळं करून बघितलं आणि शेवटी ब्रॉडकास्ट लिस्टवर येऊन थांबले. लिहिणाऱ्या मंडळींत हिच्याबद्दल कुणी बोलताना ऐकलं नाही म्हणून हा रिव्ह्यू.

आधी मी लेख झाला की सरळ ग्रुपवर टाकायचे. अकरा ग्रुप होते माझ्याकडे, सोसायटी, शाळा, माहेर, सासर, भिशी, सगळे. एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड होतं, म्हणून तीन खेपा करायचे, पाच, पाच आणि एक, कुठल्या ग्रुपवर काय चाललंय ते न बघता. असंच एका रविवारी सकाळी माहेरच्या ग्रुपवर मोठे काका गेल्याचा मेसेज आलेला, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, ॐ शांती, अकरा वाजता अमरधाम, आणि त्या सगळ्याच्या मधोमध माझा कैरीच्या लोणच्यावरचा लेख, शेवटी 'कसा वाटला नक्की कळवा'. चुलत बहिणीचा फोन आला. रागावली नाही ती, एवढंच म्हणाली, "अगं, टाकायच्या आधी जरा वर बघायचंस ना." मी लगेच डिलीट केला, पण मेसेज डिलीट केल्याची ती ओळ तिथे राहिलीच. दहाव्याला रामकुंडावर काकूंसमोर उभं राहताना फार जड गेलं मला.

तेव्हापासून ग्रुपवर लेख टाकणं बंद. ग्रुप ज्या कामासाठी असतो त्या कामासाठी असतो, लोक तिथे नातं म्हणून, पाण्याच्या टँकरसाठी, मुलांच्या वह्यांसाठी आलेले असतात, माझा लेख वाचायला नाही.

आता लिस्टबद्दल. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात. आपण एकदाच पाठवायचं, प्रत्येकाला ते एकट्याला आल्यासारखं दिसतं, यादीत आणखी कोण आहे ते कुणाला कळत नाही, उत्तर आलं तर फक्त आपल्याकडे येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. बऱ्याच जणांना ही अडचण वाटते, माझ्या एका मैत्रिणीने ह्याच कारणासाठी लिस्ट सोडली, पण मला विचाराल तर हाच हिचा सगळ्यात मोठा गुण आहे. ज्याला माझं लिखाण नकोय त्याने नंबर काढला की झालं, मला सांगायला नको, कारण द्यायला नको, उगाच वाईटपणा नको. ग्रुप सोडताना माणूस किती अवघडतो ते आपण बघतोच, आता सोडल्याचं फक्त ॲडमिनला कळतं तरीसुद्धा.

फक्त एक करा, नाव टाकायच्या आधी विचारा. मी प्रत्येकाला वेगळा मेसेज केला, 'महिन्यातून एक-दोनदा लेख पाठवीन, चालेल का? नको असेल तर मोकळेपणाने सांगा, आणि हवं असेल तर माझा नंबर सेव्ह करा.' साठेक जणांना विचारलं, एक्केचाळीस हो म्हणाले. एका ओळखीच्या निवृत्त सरांनी लिहिलं, "पाठव, पण सकाळचे गुड मॉर्निंग त्यात घालू नकोस." मी आजवर घातलेलं नाही.

मेसेजच्या माहितीत कुणी वाचलं ते दिसतं. तिथे सारखं डोकावू नका, आणि निळ्या टिका दिसतायत म्हणून 'वाचलंस ना, मग काही बोलली नाहीस' असं तर कधीच विचारू नका. लोक दवाखान्यात असतात, पोराची परीक्षा असते, कधी आवडलेलं नसतं, त्यांना तेवढी मोकळीक पाहिजेच.

बाकीच्यांचं थोडक्यात. फेसबुकवर पन्नास-पन्नास लोकांना टॅग करून कविता टाकायची पद्धत मला अजिबात पटत नाही, ती दुसऱ्याच्या भिंतीवर आपली पाटी लावण्यासारखी गोष्ट आहे. चॅनल २०२३ मध्ये आलं तेव्हा मीही उघडलं, नंबर कुणाला दिसत नाही हे चांगलं, पण मला वाचणाऱ्याचं उत्तर हवं असतं आणि तिथे फार तर इमोजी यायचे. ज्यांचे वाचक हजारात आहेत त्यांना तेच बरं पडेल.

लिस्टने एक गोष्ट मात्र सुटत नाही, ती म्हणजे नाव उडणं. माझा कुरडयांवरचा लेख एकदा सोसायटीच्या ग्रुपवर फिरून माझ्याकडेच आला, वर दोन बाणांची अनेक वेळा फॉरवर्ड झाल्याची खूण, शेवटची माझ्या नावाची ओळ गायब. पोटात कालवलं. ग्रुपवर लिहायला घेतलेलं सगळं पुसलं आणि ज्यांनी टाकलं त्या काकांना खाजगीत लिहिलं. "मला असंच आलं होतं हो ताई," म्हणाले आणि पाच मिनिटांत ग्रुपवर माझं नाव लिहिलं. आता मी नाव शीर्षकाच्या खालीच टाकते, शेवटची ओळ कापली जाते, वरची सहसा नाही.

आणि हे आपल्यालाही लागू आहे. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या नावाने येणाऱ्या सगळ्या कविता त्यांच्या असतातच असं नाही. आपण नाशिककर, तात्यांच्या गावचे, निदान आपण तरी तपासून पुढे पाठवावं. मला शंका आली की मी सार्वजनिक वाचनालयात जाऊन संग्रह काढून बघते, १८४० पासूनचं वाचनालय गावात आहे, तेवढे कष्ट घेतले पाहिजेत.

तर पाचपैकी साडेचार. अर्धा कमी कारण वाचणाऱ्यांची एकमेकांत गप्पा होत नाही, आणि पुस्तक खपवायला हिचा उपयोग जवळजवळ नाही. आज माझ्या लिस्टमध्ये १३८ जण आहेत. मागच्या आठवड्यात देवळालीच्या एका मावशींनी चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला, त्यांची आई कुरडया घालताना गव्हाचा गरम चीक वाटीत काढून वर तेल घालून द्यायची आणि घाईने खाल्ला की टाळू पोळायची. हे पुढच्या लेखात घेऊ का म्हणून विचारलंय त्यांना, अजून उत्तर आलेलं नाही.