कातडं उलटूनही न बघणारा व्यापारी

2023 साली बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली, 29 जूनला. आमचं गाव पंढरपूरच्या वाटेवरचं. जमातीतल्या जाणत्या मंडळींनी आधीच ठरवलं होतं की एकादशीला कुर्बानी करायची नाही, दुसऱ्या दिवशीपासून करायची. त्या वर्षी राज्यात बऱ्याच गावांनी तसंच केलं. आमचंही मटणाचं दुकान वारीत बंदच असतं. त्यामुळे तीन दिवसांत थोडीथोडी येणारी कातडी दोन दिवसांत एकदम अंगावर आली, वरून पाऊस सुरू झालेला. मी तेव्हा किती घाईत आणि किती अडलेला होतो ते कळावं म्हणून हे आधी सांगतोय. माझ्याकडून कातडी नेणाऱ्या व्यापाऱ्याला ते नेमकं माहीत होतं.

दुकान वडिलांपासूनचं. जोडीला चार-पाच गावांतली शेळ्या-बोकडांची कच्ची कातडी गोळा करतो, मीठ लावून ठेवतो आणि व्यापाऱ्याला देतो. तिथून ती टॅनरीत, म्हणजे चामडं कमावण्याच्या कारखान्यात जातात. ईदेच्या कातड्यांत मोठा वाटा मदरशाचा असतो. लोक कातडं दान देतात आणि त्याच्या पैशातून मुलांचं धान्य-किराणा भरला जातो. ती कातडीही माझ्याकडेच येतात, वडील होते तेव्हापासून.

हा व्यापारी त्या ईदेआधी दोन महिने येत होता. पहिल्यांदा 120 नग नेले, जागेवर रोख. दुसऱ्यांदा 200 नेले, पैसे संध्याकाळी मोबाइलवर. भाव 85 रुपये. आमच्या भागात तेव्हा 50-55 च्या वर कुणी बोलत नव्हतं. मला 'मामा' म्हणायचा, आईच्या गुडघ्याची चौकशी करायचा. एक गोष्ट मात्र मी बघूनही बघितली नाही, ती म्हणजे त्याने एकदाही कातडं उलटून पाहिलं नाही. जो खरा घेणारा असतो तो आधी थप्पीच्या मधलं एक नग ओढून काढतो. पोटाकडचे आणि मांडीकडचे केस चिमटीत धरून ओढतो. मग मांसाची बाजू उजेडाकडे धरून सुरीचे काप बघतो. वडिलांच्या वेळचे एक चाचा तर वास घेऊनच सांगायचे की मीठ किती तासांनी लागलंय. हा नुसता नग मोजायचा आणि "तुमच्या मालावर विश्वास आहे मामा" म्हणायचा. मला ते ऐकून बरं वाटायचं.

त्याचा विश्वास माझ्या मालावर नव्हता. माल माझ्या दारात तपासायचाच नाही, स्वतःच्या गोदामात तपासायचा, हे त्याचं आधीच ठरलेलं होतं.

ईदेच्या त्या दोन दिवसांत आम्ही झोपलो नाही. पावसाळी हवेत कातडं सोलल्यापासून तीन-चार तासांत मीठ लागलंच पाहिजे, नाहीतर आतून कुजायला सुरुवात होते. केस सुटायला लागले की संपलं. कुणी म्हणेल, टॅनरीत चुन्यात घालून केस काढतातच की. पण आपोआप सुटतात तेव्हा खालची कातडीही खराब झालेली असते आणि रंग दिला की ते डाग उठून दिसतात. म्हणून आधी रक्त धुवायचं, चरबी खरवडायची, उतारावर मांसाची बाजू वर करून पसरायचं आणि जाडं मीठ हाताने चोळायचं, मानेला आणि पायांच्या टोकांना जास्त. मिठाचं वजन कातड्याच्या वजनाच्या 40 टक्क्यांपर्यंत तरी हवं. बारीक मीठ आम्ही वापरत नाही, त्याच्या गुठळ्या होतात आणि मधे जागा बिनमिठाची राहते. मीठ लावण्याआधी मी प्रत्येक नगाची शेपूट आणि खुरांकडची टोकं छाटतो. ही वडिलांची सवय.

घरोघरी हौशी लोकांनी सोललेल्या मालात काप असतातच. तसले सव्वाशे नग मी स्वतः बाजूला काढले. चांगले 1,100 राहिले. त्याने 20,000 उचल दिली, ट्रक पाठवला आणि एक चिठ्ठी दिली. त्यावर लिहिलं होतं, '1,100 नग, 85 भाव, माल पाहून'. भाडं त्याचं, असं तोंडी ठरलं होतं. पक्कं बिल नाही, कारण कच्च्या कातड्यावर 5 टक्के जीएसटी आहे आणि तो वाचवू असं त्याचं म्हणणं. मी मान डोलावली. 'माल पाहून', म्हणजे भाव माल तपासल्यावरच पक्का, हे दोन-तीन अक्षरांचे दोन शब्द मी वाचलेही होते.

सहाव्या दिवशी फोन आला, "मामा, 700 नगांचे केस सुटलेत." सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. मी रात्रीच्या एसटीने मुंबईकडे निघालो आणि सकाळी त्याच्या गोदामात पोचलो. कोपऱ्यात ढीग दाखवला. वरचं कातडं हातात घेतलं आणि पोटात गोळाच आला, केस खरंच मुठीने निघत होते. मग दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. तिसऱ्याला शेपूट होती. चौथ्यालाही होती. मांसाच्या बाजूला पांढऱ्या बारीक मिठाच्या गुठळ्या चिकटलेल्या होत्या. माझं मीठ करड्या खड्यांचं.

मी म्हटलं, हा माल माझा नाही. तो म्हणाला, इथे आम्ही पुन्हा मीठ लावतो. मी म्हटलं, मग शेपट्यासुद्धा पुन्हा लावता का? त्यावर तो काही बोलला नाही. गोदामातल्या दोघांना त्याने हाक मारली आणि मला सांगितलं, पटत नसेल तर हाच माल परत घेऊन जा, जाण्या-येण्याचं भाडं आणि हमाली तुमची.

मग हिशेब मांडला. 400 नग 50 ने, 20,000. 700 नग 10 ने, 7,000. ट्रकभाडं 7,000 वजा. राहिले 20,000, म्हणजे माझी उचल. बरोब्बर तेवढेच, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. तेव्हा कळलं की हा हिशेब ट्रक निघण्याआधीच झालेला होता.

माझा खर्च असा. ज्यांच्याकडून माल घेतला त्यांना 45 प्रमाणे 49,500, मीठ 25 पोती म्हणजे 8,750, पोरांची मजुरी 4,000. हातात आलेले 20,000 वजा केले तर 42,250 रुपये अंगावर. पोलिसांत गेलो. चिठ्ठी पाहून ते म्हणाले की हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. बिल नाही, सही नाही, ट्रक भरतानाचा एक फोटोही नाही, मी कोर्टात काय दाखवणार होतो?

मदरशाच्या 300 नगांचे 13,500 मी पहिल्यांदा फेडले, बायकोच्या भिशीतून. मौलानासाहेब म्हणाले, "सावकाश द्या भाऊ." त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. बाकीच्यांचे फेडायला पुढचा मार्च उजाडला.

आता प्रतवारी माझ्या शेडमध्ये होते, घेणाऱ्यासमोर, एकेक नग उलटून. प्रत्येक प्रतीचा भाव आणि 'माल गाडीत भरल्यावर परत नाही' हे बिलावर लिहून घेतो. मानेच्या कडेला दाभणाने दोन भोकं पाडतो, ती केसाखाली असतात आणि माहीत नसलेल्याला सापडत नाहीत. गाडीची ताडपत्री पैसे आल्यावरच बांधली जाते. भाव 50 चाच मिळतो. या अटी ऐकून दोन व्यापारी आल्या पावली परत गेले. एक थांबला. त्याने थप्पीच्या मधलं नग ओढून काढलं, केस ओढून पाहिले आणि चार कातड्यांवरून माझ्याशी अर्धा तास भांडला. माल आता त्यालाच देतो.